संगणक-सुरक्षेतल्या गाइडचे काम सायटेशनच्या आकड्यांवरून कसे पारखावे?

प्रश्न : रावपुरेकर

सर्वांना नमस्कार. मी बडोद्यात रावपुऱ्यात राहतो आणि एका खासगी कारखान्याच्या हिशेब खात्यातून काही वर्षांपूर्वी निवृत्त झालो आहे. माझ्या धाकट्या मुलीने संगणक अभियांत्रिकीत एम.ई. पूर्ण केले असून तिला संगणक-सुरक्षा या विषयात पीएच.डी. करायची आहे. दोन वेगवेगळ्या संस्थांतल्या दोन प्राध्यापकांनी तिला विद्यार्थिनी म्हणून घेण्याची तयारी दाखवली आहे आणि या महिन्याच्या अखेरीपर्यंत तिला त्यांपैकी एकाला होकार कळवायचा आहे.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही दोघे झोपाळ्यावर लॅपटॉप घेऊन बसलो आणि संशोधन-लेखांची नोंद ठेवणाऱ्या गूगल स्कॉलरवर दोघांचीही पाने उघडली. पहिल्या प्राध्यापकांच्या नावावर चार हजार दोनशेच्या वर सायटेशन, म्हणजे इतर लेखांत झालेले त्यांच्या पेपरांचे उल्लेख, आहेत आणि त्यांचा एच-इंडेक्स ३१ आहे. दुसऱ्या बाईंच्या नावावर साधारण सहाशे चाळीस सायटेशन आहेत आणि एच-इंडेक्स ११ आहे. पानाच्या उजव्या बाजूला वर्षावार उभे स्तंभ दिसतात, त्यांत पहिल्यांचे स्तंभ दरवर्षी चढत गेलेले आहेत, तर दुसऱ्या बाईंचे मध्ये दोन वर्षे चांगलेच खाली गेलेले दिसतात. नात्यातल्या सगळ्यांचे म्हणणे एकच आहे की एवढा फरक असताना विचार कसला करायचा. मुलगी मात्र दुसऱ्या बाईंकडे झुकते आहे. कारण विचारले तर ती सांगते की पहिल्यांचे पेपर वाचून झाल्यावर हातात काही राहत नाही आणि बाईंचा एकेक पेपर वाचायला तिला आठवडा लागतो.

मी आयुष्यभर ताळेबंद तपासले आहेत. ताळेबंदातली एखादी रक्कम मोठी का दिसते हे खतावणी उघडल्याशिवाय कळत नाही, एवढे मला पक्के ठाऊक आहे. पण या सायटेशनच्या व्यवहारात खतावणी कुठे असते, हेच मला ठाऊक नाही. दुसरी शंका अशी की बाईंचे बहुतेक सगळे पेपर परिषदांमधले आहेत आणि पहिल्यांचे बहुतेक जर्नलमधले आहेत. आमच्या वेळेस परिषदेत वाचलेला निबंध म्हणजे दुय्यम मानला जाई. इथेही तसेच असते का? मुलीची चार-पाच वर्षे या निर्णयावर अवलंबून आहेत, म्हणून जाणकारांनी जरा सविस्तर सांगावे, अशी विनंती आहे.

उत्तर : कमाटीबाग

काका, नमस्कार. मी याच विषयात पीएच.डी. केली असून गेली काही वर्षे संगणक-सुरक्षा शिकवतो आहे. आपली दुसरी शंका आधी घेतो, कारण तिचे उत्तर सरळ आहे. बहुतेक शास्त्रांमध्ये जर्नल वरचे आणि परिषद खालची असा क्रम असतो हे खरे आहे, पण संगणकशास्त्रात, आणि त्यातही सुरक्षेत, तो क्रम जवळजवळ उलटा आहे. आयईईई सिक्युरिटी अँड प्रायव्हसी ही परिषद १९८० साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंड इथे सुरू झाली आणि पुढे ती दुसऱ्या शहरांत भरू लागली, तरी आमच्यातले लोक अजून तिला ओकलंडच म्हणतात. तिच्याबरोबर युसेनिक्स सिक्युरिटी, एसीएम सीसीएस आणि एनडीएसएस अशा चार परिषदा या विषयात अग्रगण्य मानल्या जातात, आणि कूटलेखनाच्या (माहिती सांकेतिक करून गुप्त ठेवण्याच्या शास्त्राच्या) गणिती बाजूसाठी क्रिप्टो व युरोक्रिप्ट या परिषदांना तोच मान आहे. इथे आलेल्या पेपरांची लेखकांची नावे झाकून तपासणी होते आणि साधारणपणे पाचातला एखादाच पेपर स्वीकारला जातो. तेव्हा बाईंचे पेपर परिषदांमधले आहेत यात काहीच उणे नाही; ते कोणत्या परिषदांमधले आहेत, एवढेच पाहावे.

आता एच-इंडेक्स. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली हे माप सुचवले. ज्याच्या किमान ११ पेपरांना प्रत्येकी किमान ११ सायटेशन मिळाले आहेत, त्याचा एच-इंडेक्स ११. एखाद्याने आयुष्यात तीनच पेपर लिहिले आणि प्रत्येकाला हजार सायटेशन मिळाले, तरी त्याचा एच-इंडेक्स ३ राहतो, आणि हा आकडा एकदा वाढला की खाली कधीच येत नाही. खुद्द हिर्श यांनी त्याच लेखात बजावले होते की एका आकड्यातून माणसाच्या कामाचा फार तर ढोबळ अंदाज येतो आणि दोन वेगळ्या क्षेत्रांतल्या माणसांची त्यावरून तुलना करू नये. संगणक-सुरक्षा वरून एक क्षेत्र दिसत असले तरी आत अनेक आहेत, आणि त्यांच्यातला फरक भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्यातल्या फरकाइतका असू शकतो.

याचे एक उदाहरण मला जरा तपशिलात सांगावेसे वाटते, कारण आपल्याकडच्या शेकडो विद्यार्थ्यांची वर्षे त्यात गेलेली मी पाहिली आहेत. नेटवर्कमधली घुसखोरी ओळखण्याचे तंत्र हा सुरक्षेतला एक लोकप्रिय विषय आहे. १९९८ साली अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेच्या कार्यक्रमात एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने हवाई दलाच्या स्थानिक नेटवर्कची नक्कल करून कृत्रिम वाहतूक तयार केली, आणि तिच्यापासून १९९९च्या केडीडी कप या स्पर्धेसाठी एक डेटासेट, म्हणजे नोंदींचा संच, बनवला गेला. त्यात सुमारे ४९ लाख जोडण्यांची नोंद आहे आणि प्रत्येक जोडणीची ४१ वैशिष्ट्ये दिलेली आहेत. हा डेटासेट फुकट मिळतो, हाताळायला सोपा आहे आणि मशीन लर्निंगची, म्हणजे संगणकाने नोंदींवरून स्वतः शिकण्याची, कोणतीही नवी पद्धत त्यावर चालवली की ९९ टक्क्यांच्या आसपास अचूकता मिळाल्याचे सांगता येते. मग पेपर तयार होतो, आणि त्या पेपरात आधीच्या तशाच चाळीस पेपरांचा उल्लेख असतो.

अडचण अशी की २००० सालीच जॉन मॅकह्यू यांनी मूळ चाचणी कशी आखली गेली यावर कठोर आणि मुद्देसूद टीका प्रसिद्ध केली होती. २००९ साली तवल्लाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की केडीडीच्या प्रशिक्षणासाठीच्या भागातल्या सुमारे ७८ टक्के आणि चाचणीसाठीच्या भागातल्या सुमारे ७५ टक्के नोंदी पुन्हा पुन्हा आलेल्या त्याच नोंदी आहेत. परीक्षेतले बहुतेक प्रश्न आधीच पाठ झालेले असतील तर ९९ गुण मिळाल्याचे कौतुक किती करायचे? त्यांनी दुबार नोंदी काढून नवी आवृत्ती दिली, तर पुढची मंडळी त्या आवृत्तीवर तसेच पेपर लिहू लागली आणि दोष दाखवणारा तो लेखच अफाट सायटेशन मिळवून बसला. २०१० साली रॉबिन सोमर आणि व्हर्न पॅक्सन यांनी ओकलंडच्या परिषदेत अतिशय संयत शब्दांत विचारले की संशोधनात एवढे यश दाखवणाऱ्या या पद्धती प्रत्यक्षातल्या नेटवर्कवर इतक्या क्वचित का वापरल्या जातात. तो पेपर आपल्या मुलीने अजून वाचला नसेल तर आजच वाचावा.

पहिल्या प्राध्यापकांचे काम असेच आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. ते कोण हे मला माहीतही नाही. पण त्यांचे चार हजार सायटेशन या प्रकारच्या वर्तुळातले असतील तर त्यांचा अर्थ वेगळा होतो, आणि नसतील तर तो माणूस खरोखर मोठा आहे. हे एका संध्याकाळी तपासता येते. सर्वांत जास्त सायटेशन मिळालेले त्यांचे पहिले पाच पेपर काढा आणि त्यांत किती आढावालेख, म्हणजे इतरांच्या कामाचा गोषवारा देणारे लेख, आहेत ते पाहा. आढावालेख उपयोगाचे असतात, मी स्वतः वापरतो; मात्र प्रस्तावनेत एक वाक्य लिहायला सगळ्यांना तेच सोयीचे पडत असल्यामुळे त्यांचे सायटेशन मूळ शोधापेक्षा कितीतरी वेगाने वाढतात.

उत्तर : जुनी ग्रंथपाल

रावपुरेकर, आपण खतावणी कुठे असते असे विचारले आहे. ती त्याच पानावर आहे. प्रत्येक पेपरच्या समोर सायटेशनचा जो आकडा दिसतो, त्याच्यावर टिचकी मारली की ज्या ज्या लेखांनी त्या पेपरचा उल्लेख केला आहे त्यांची यादी उघडते. लोक आकडा वाचतात आणि यादी उघडत नाहीत, ही माझी जुनी खंत आहे.

मी आयुष्याची तीस वर्षे ग्रंथालयात काढली, म्हणून या मोजणीचा उगम थोडक्यात सांगते. त्यावरून आपल्याला काय तपासायचे तेही कळेल. ही कल्पना मुळात वकिलांची आहे. अमेरिकेत १८७३ पासून शेपर्ड यांच्या नावाने न्यायनिवाड्यांच्या सूची निघत. एखाद्या निकालाचा पुढे कोणकोणत्या निकालांत उल्लेख झाला हे त्यांत दिलेले असे, आणि त्याच्या शेजारी एका अक्षराची खूण असे: तो निकाल पुढच्या न्यायालयाने उचलून धरला, बाजूला ठेवला की फिरवला. युजीन गारफील्ड यांनी ही सूची पाहिली आणि १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात शास्त्रीय लेखांसाठीही अशी सूची करावी असे मांडले. पुढे १९६४ पासून फिलाडेल्फियाच्या त्यांच्या संस्थेने सायन्स सायटेशन इंडेक्स नियमितपणे काढायला सुरुवात केली. या प्रवासात एक गोष्ट मागे राहिली. वकिलांच्या सूचीतली ती अक्षराची खूण शास्त्रीय सूचीत आली नाही. उल्लेख झाला एवढेच उरले. तो मान डोलावण्यासाठी होता की खोडून काढण्यासाठी, हे गेले.

आपल्या बडोद्यात सूचीचे मोल निराळे सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून मध्यवर्ती ग्रंथालयाची आणि राज्यभरच्या वाचनालयांची घडी बसवली, तेव्हा पुस्तकाची नोंद कशी करायची याचे शिक्षण देणारे वर्गही इथे सुरू झाले होते. नोंद नुसती असून भागत नाही, ती काय सांगते हे कळले पाहिजे, हे त्या पिढीतल्या लोकांकडून शिकलेल्यांच्या हाताखाली मी शिकले.

तर ती हरवलेली खूण आपण स्वतः करायची. गेल्या वर्षी आमच्या दांडियाबाजारच्या गल्लीतला एक विद्यार्थी अगदी हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आला होता. एका प्राध्यापकाचा एक पेपर आम्ही निवडला, त्याचा उल्लेख करणाऱ्या यादीतून मिळतील ते वीस लेख छापून घेतले आणि जेवणाच्या टेबलावर पसरून पेन्सिल घेऊन बसलो. उल्लेख जिथे आला ते वाक्य शोधायचे आणि समासात खूण करायची: नुसता उल्लेख असेल तर ‘उ’, पद्धत किंवा उपकरण खरोखर वापरले असेल तर ‘वा’, आणि चूक दाखवली असेल तर ‘खो’. पहिल्या तासात समासात ‘उ’शिवाय काही पडेना. बहुतेक ठिकाणी प्रस्तावनेतले एकच वाक्य होते, “या विषयावर अनेकांनी काम केले आहे”, आणि त्याच्यापुढे सात-आठ संदर्भक्रमांकांची रांग. त्या रांगेत आमचा पेपर कुठेतरी मध्ये उभा. ‘वा’ची खूण तिघा-चौघांनाच मिळाली. शेवटच्या काही लेखांत एक असा निघाला की ज्यात आमच्या पेपरचा उल्लेख पाचही पानांवर होता. मुलगा हरखला. वाचल्यावर कळले की त्या पेपरात सुचवलेली पासवर्ड-पडताळणीची योजना कशी फोडता येते, हेच त्या लेखात टप्प्याटप्प्याने दाखवले होते.

ही गोष्ट आपल्या विषयात विशेष लक्षात ठेवावी लागेल. सुरक्षेची योजना फोडणाऱ्यालाही मूळ पेपरचा उल्लेख करावाच लागतो. ती दुरुस्त करणारा तिसरा पेपर दोघांचाही उल्लेख करतो, आणि दुरुस्ती पुन्हा फोडणारा चौथा पेपर तिघांचा. योजना कोणी कधी वापरलेली नसते, तरी चौघांचेही आकडे फुगत जातात.

आणखी एक. स्वतःच स्वतःचा केलेला उल्लेखही गूगल स्कॉलर मोजते, आणि प्रबंध, परिषदांच्या वेबसाइटवरच्या फायली, प्रीप्रिंट (तपासणीआधीच प्रसिद्ध केलेले लेख) यांतलेही उल्लेख त्याला चालतात. स्कोपस या दुसऱ्या सूचीमध्ये निवडक नियतकालिके व परिषदाच घेतलेल्या असल्यामुळे तिथला आकडा सहसा लहान येतो, आणि तिथे स्वतःचे उल्लेख वगळून मोजण्याची सोय आहे. जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारलेत तर तिथल्या संगणकावर पाहू देतील. दोन्ही प्राध्यापकांचे आकडे एकाच ठिकाणचे घ्यावेत, एकाचे इथले आणि दुसऱ्याचे तिथले घेऊ नयेत.

उत्तर : निवड समितीतला एक

वरच्या दोन्ही उत्तरांशी माझे मतभेद नाहीत, परंतु आकडा अगदीच टाकाऊ आहे असा समज या मुलीने करून घेऊ नये. मी प्राध्यापकांच्या निवड समित्यांवर बसलो आहे. दीडशे अर्ज समोर असतात आणि पहिली चाळणी आकड्यांवरच होते, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. शिक्षणसंस्थांच्या एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीतही संस्थेचे प्रकाशित लेख आणि त्यांचे सायटेशन मोजले जातात, त्यामुळे संस्थाही आकड्यांना धरून बसतात. केवळ जर्नलच्या मापांवरून माणसाची पारख करू नये असे सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१३ साली प्रसिद्ध झाला, पण आपल्याकडच्या समित्यांच्या टेबलापर्यंत तो फारसा पोचलेला नाही. तेव्हा बाईंकडे गेल्यास पाच वर्षांत किमान दोन चांगल्या परिषदांमध्ये मुलीचे नाव पहिले असलेले पेपर येतील का, हे त्यांना आत्ताच स्पष्ट विचारावे. प्रामाणिक गाइड या प्रश्नाने रागावत नाही.

उत्तर : अलकापुरी

मी एका बँकेच्या माहिती-सुरक्षा विभागात काम करतो आणि हे पेपर आमच्यापर्यंत कसे पोचतात, त्या बाजूने बोलतो. आम्ही पेपर क्वचित वाचतो, पण त्यांचे परिणाम भोगतो.

आरसी४ नावाची एक जुनी कूटपद्धत होती. वेबसाइटचा आणि ब्राउझरचा संवाद गुप्त ठेवण्यासाठी ती वर्षानुवर्षे वापरात होती. २०१३ सालच्या युसेनिक्स सिक्युरिटी परिषदेत पाच संशोधकांनी दाखवले की तिच्यातून बाहेर पडणाऱ्या आकड्यांमध्ये बारीक पक्षपात आहे आणि पुरेसा संवाद गोळा केला तर त्यातून मूळ मजकूर काढता येतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये इंटरनेटच्या मानकांनी आरसी४ वापरण्यास बंदी केली. आमच्या सर्व्हरवर ती बंद करण्याचे काम आम्ही एका रात्री केले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन शाखांमधल्या जुन्या मशीनवर पानच उघडेना, कारण तिथल्या ब्राउझरला दुसरी कोणती पद्धत येतच नव्हती. त्या सकाळी दुपारपर्यंत फोनवर बसून एकेक मशीन नीट करताना मला उमगले की एका पेपरचा परिणाम म्हणजे काय असतो. आमच्या बँकेतल्या कोणीही त्या पेपरचा कुठे उल्लेख केला नाही. जगभरच्या ज्या लाखो सर्व्हरवर ती एक ओळ बदलली गेली, त्यातल्या एकाचीही सायटेशनमध्ये नोंद नाही.

म्हणून माझा सल्ला असा की दोघांच्याही कामातून काही दुरुस्त झाले आहे का, ते शोधा. सॉफ्टवेअरमधल्या उघड झालेल्या दोषांना १९९९ पासून सीव्हीई क्रमांक दिले जातात. कंपन्यांच्या सुरक्षा-सूचनांच्या तळाशी दोष कळवणाऱ्याचे नाव आभारात असते, आणि भारतात २००४ पासून सर्ट-इन ही सरकारी यंत्रणा अशा सूचना काढते. बाईंचे नाव तिथे सापडले तर ते सहाशे चाळिसांपेक्षा जास्त बोलते.

त्यांच्या आलेखातल्या दोन उतरत्या वर्षांबद्दलही घाईने मत बनवू नका. मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष कंपन्यांना २०१७च्या मध्यावर कळवले गेले आणि जगाला ३ जानेवारी २०१८ रोजी कळले. मधले सहा-सात महिने संशोधकांना त्याबद्दल जाहीरपणे एक अक्षर लिहिता येत नव्हते. जबाबदारीने काम करणाऱ्या माणसाच्या कामात अशी मूक वर्षे येतात. टोकाचे उदाहरण हवे असेल तर क्लिफर्ड कॉक्स यांचे घ्या. ब्रिटनच्या गुप्तवार्ता संस्थेत काम करताना त्यांनी १९७३ साली जी कूटपद्धत शोधली, तीच पुढे रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी स्वतंत्रपणे शोधून १९७८ साली प्रसिद्ध केली आणि ती आरएसए म्हणून जगभर गाजली. कॉक्स यांचे काम १९९७ पर्यंत गुप्त होते. चोवीस वर्षे सायटेशन शून्य.

उत्तर : कमाटीबाग

अलकापुरीकरांचे म्हणणे मला पटते, पण त्याला एक पुरवणी जोडतो, नाहीतर मुलीला असे वाटेल की वापरात आले तेच संशोधन. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि नुकतेच बी.टेक. झालेले त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी एखादी संख्या मूळसंख्या आहे की नाही हे निश्चितपणे आणि मर्यादित वेळात ठरवण्याची रीत जाहीर केली. तो लेख २००४ साली ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये आला आणि २००६ साली त्याला सैद्धांतिक संगणकशास्त्रातले गोडेल पारितोषिक मिळाले. प्रत्यक्षात कूटलेखनाच्या किल्ल्या बनवताना आजही मिलर-रेबिन ही जुनी, संभाव्यतेवर चालणारी चाचणीच वापरतात, कारण ती कितीतरी वेगवान आहे. कानपूरच्या कामाची थोरवी त्याने कणभरही कमी होत नाही. दोन हजार वर्षांहून जुन्या प्रश्नाच्या एका अंगाचे ते उत्तर आहे.

ते उदाहरण मी दुसऱ्या कारणासाठीही दिले. त्या लेखावर गाइडचे नाव आधी आणि विद्यार्थ्यांची नंतर दिसतात, पण तो क्रम आडनावांच्या इंग्रजी वर्णानुक्रमाचा आहे. कूटलेखनाच्या गणिती शाखेत हीच रीत आहे, त्यामुळे तिथे पहिले नाव कोणाचे यावरून काही ठरत नाही. निवड समितीतल्या सद्गृहस्थांनी पहिल्या नावाचा आग्रह धरायला सांगितला आहे, तो सिस्टिम्स-सुरक्षेत, म्हणजे प्रत्यक्षातली उपकरणे आणि सॉफ्टवेअर सुरक्षित ठेवण्याच्या शाखेत, अगदी योग्य आहे, कारण तिथे ज्याने हाताने काम केले त्याचे नाव पहिले आणि गाइडचे बहुधा शेवटी असते. तेव्हा बाई कोणत्या शाखेत लिहितात ते आधी पाहा आणि मग गेल्या पाच वर्षांतल्या पेपरांवर विद्यार्थ्यांची नावे किती आणि कुठे आहेत ते पाहा. जमल्यास दोघांच्याही आताच्या विद्यार्थ्यांना मुलीने स्वतः पत्र लिहावे. पेपरचा कच्चा खर्डा दिल्यावर गाइड किती दिवसांत वाचून परत देतात, हा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळेल.

रावपुरेकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण आम्ही खरोखरच खतावणी उघडली.

ग्रंथपाल बाईंनी सांगितलेली ‘उ’, ‘वा’ आणि ‘खो’ची रीत आम्ही दोघांच्याही प्रत्येकी दोन पेपरांसाठी केली. पेन्सिल माझ्याकडे होती आणि अर्थ मुलगी सांगत होती. पहिल्या प्राध्यापकांच्या चार हजारांपैकी दीड हजारांच्या आसपास सायटेशन त्यांच्या एकाच आढावालेखाचे निघाले, आणि त्याच्या यादीत समास ‘उ’नेच भरला. पण न्यायाने हेही सांगतो की त्यांच्या बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या एका पेपरला आम्हाला बऱ्याच ‘वा’ मिळाल्या आणि तो पेपर मुलीलाही आवडला. त्या काळी ते वेगळे काम करत होते असे दिसते. अलीकडचे त्यांचे बरेच पेपर कमाटीबाग यांनी सांगितलेल्या त्या १९९९च्या डेटासेटवरचेच आहेत.

बाईंचे पेपर सिस्टिम्स-सुरक्षेतले आहेत आणि गेल्या पाच वर्षांतल्या जवळजवळ सगळ्यांवर पहिले नाव विद्यार्थ्याचे आहे. मधल्या उतरत्या वर्षांचा खुलासा त्यांच्या एका विद्यार्थिनीने पत्रातून केला. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या एका उपकरणातला दोष त्यांनी कळवला होता आणि दुरुस्ती येईपर्यंत प्रकाशन थांबवून ठेवले होते. खर्डा किती दिवसांत परत मिळतो, यावर तिचे उत्तर होते की साधारण आठवड्यात, आणि तोही इतका लाल करून की पहिल्या वेळी तिला रडू आले होते. पहिल्यांच्या विद्यार्थ्याने अजून उत्तर दिलेले नाही, त्यावरून मी काही ठरवत नाही.

निवड समितीतल्या सद्गृहस्थांनी सुचवलेला प्रश्न मुलीने बाईंना शब्दशः विचारला. दोन पेपरांची हमी देता येणार नाही, पण एका पेपरासाठी लागणारे काम पहिल्या वर्षातच सुरू करून देईन, असे त्यांनी कळवले. काल रात्री मुलीने त्यांना होकार पाठवला. आज सकाळी त्यांनी तिला वाचायला तीन पेपर पाठवले आहेत. त्यांतला एक दुसऱ्याच गटाचा असून बाईंनी आठ वर्षांपूर्वी सुचवलेली योजना कुठे फुटते हे त्यात दाखवले आहे, आणि जूनमध्ये येताना सुरुवात इथूनच करायची आहे, असे त्यांनी खाली लिहिले आहे.